कंट्रोल उठला, शब्द उरला

काही शब्द पाहुणे म्हणून येतात आणि बघता बघता घरचे होऊन बसतात. टेबल, स्टेशन, तिकीट, डॉक्टर ही मंडळी अशीच आली. वस्तू आली, तिच्या मागोमाग तिचे नावही आले, एवढाच त्यांचा इतिहास. परंतु एक शब्द असा आहे, की तो कोणत्याही वस्तूबरोबर आला नाही. तो आला सरकारी हुकुमाच्या पाठीवर बसून, वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून. संपादकांनी त्याला नावे ठेवली, भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनी नाके मुरडली, आणि खुद्द महात्मा गांधींनी तो ज्या व्यवस्थेचे नाव होता ती व्यवस्था मोडावी म्हणून आपली वाणी झिजवली. हुकूम अखेर गेला. शब्द मात्र आमच्या बुलढाणा जिल्ह्याच्या स्वयंपाकघरात ठाण मांडून राहिला. तो शब्द म्हणजे ‘कंट्रोल’.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे थोडे नवलाचे वाटेल. त्याच्या तोंडी ‘रेशन’ आहे. रेशनचे दुकान, रेशनकार्ड, रेशनची रांग. आमच्याकडे घाटावर चिखली-मेहकरला जा, की घाटाखाली मलकापूर-नांदुऱ्याला जा, दुकानाच्या पाटीवर ‘शासनमान्य रास्त भाव धान्य दुकान’ असे शब्द रंगवलेले असतील, पण त्या पाटीखालून पिशवी घेऊन निघालेल्या बाईला विचारा, “कुठून येऊन राहिल्या, मावशी?” ती सांगेल, “कंट्रोलातून.” आणि पिशवीत काय आहे म्हणाल, तर तेही कंट्रोलच! दुकान कंट्रोल, धान्य कंट्रोल, आणि ते मिळण्याचा दिवसही कंट्रोलचा. वऱ्हाडाप्रमाणे मराठवाड्यातही हा शब्द असाच रुळला आहे. इंग्रजी शिकलेल्या माणसाला यात हसू येईल. मला मात्र यात एका पिढीचा इतिहास दिसतो, आणि तो सणाच्या दिवसांत, फराळाच्या ताटाशी बसून सांगण्याजोगा आहे असे वाटते.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. इंग्रजीत ‘कंट्रोल’ हा शब्द फ्रेंचांकडून गेला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘काँत्र’ म्हणजे समोरचा, विरुद्ध बाजूचा. आणि ‘रोल’ म्हणजे गुंडाळी, अर्थात हिशेबाचा कागद. एकाने लिहिलेला हिशेब खरा की खोटा, हे पडताळण्यासाठी दुसऱ्याने ठेवलेली जोडवही, ती ही ‘काँत्ररोल’. म्हणजे मुळात या शब्दात सत्ता नव्हती, दंडा नव्हता. होता तो फक्त पडताळा. पुढे ज्याच्या हाती पडताळ्याची वही, त्याच्या हाती अधिकार, असे होत होत शब्दाचा अर्थ फिरला. १७८४ साली कंपनी सरकारवर नजर ठेवण्यासाठी लंडनमध्ये ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ स्थापन झाले, तेव्हा तो अर्थ पुरता हुकमतीचा झालेला होता. ही जोडवही वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याशी आपल्याला पुढे काम आहे.

आता दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येऊ. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि हिंदुस्थान सरकारने भारत संरक्षण नियमांखाली भाव बांधण्याचे अधिकार प्रांतांकडे दिले. पहिली दोन वर्षे सामान्य माणसाला त्याची झळ फारशी लागली नाही. १९४१ मध्ये जपानशी व्यापार तुटला आणि वऱ्हाडच्या शेतकऱ्याला पहिला धक्का बसला. आमचा आखूड धाग्याचा कापूस जपानी गिरण्या मोठ्या प्रमाणावर घेत. खामगावची बाजारपेठ त्या कापसावर उभी होती. जलंबहून खामगावपर्यंतचा आगगाडीचा फाटा १८७० साली आला तोही कापसासाठीच. गिऱ्हाईक गेले आणि गाठी पडून राहू लागल्या. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. त्या वर्षाअखेर दिल्लीत अन्नखाते उघडले. १९४३ मध्ये बंगालात जो दुष्काळ पडला, त्यात चौकशी आयोगाच्या अंदाजाने पंधरा लाख आणि इतर अभ्यासकांच्या अंदाजाने तीस लाखांपर्यंत माणसे मेली. सरकारचे डोळे उघडले ते तेव्हा. ‘अधिक धान्य पिकवा’ अशी हाक आली; कापसाच्या जागी ज्वारी पेरा असा उपदेश सुरू झाला.

२ मे १९४३ रोजी मुंबईत शिधावाटप सुरू झाले. त्याच वर्षी नेमलेल्या अन्नधान्य धोरण समितीने लाखाहून अधिक वस्तीच्या शहरांत असे शिधावाटप असावे अशी शिफारस केली. रेशन आणि कंट्रोल यांच्या वाटा येथे फुटल्या, असे मला वाटते. आमच्या सबंध जिल्ह्यात तेव्हा लाखाच्या वस्तीचे एकही शहर नव्हते. शहरांत माणशी मापून धान्य देण्याची हमी आली, तिचे नाव रेशन. खेड्यांच्या वाट्याला ती हमी आली नाही. तिथे आला तो बांधलेला भाव, मोजका माल आणि धान्य हलवण्यावरची बंदी. या सर्वांचे मिळून एकच नाव होते. खेडूताने तेच उचलले.

धान्य हलवण्यावरच्या बंदीची झळ या जिल्ह्याला विशेष लागली, त्याचे कारण त्याच्या नकाशात आहे. बुलढाणा जिल्हा त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाड प्रांतात, नागपूर सरकारच्या अमलाखाली. मलकापूरच्या पश्चिमेला थोडे पुढे गेले की खानदेश, म्हणजे मुंबई इलाखा. देऊळगाव राजाहून दक्षिणेला उतरले की जालना, म्हणजे निजामाचे राज्य. एरवी या सीमा बैलगाडीच्या चाकाला कधी जाणवल्या नव्हत्या. सोयरिका इकडच्या तिकडे होत, बाजार इकडचा तिकडे भरे. धान्यबंदी आली आणि सीमेवर नाकी बसली. सख्ख्या बहिणीकडे पोतेभर ज्वारी पोचवायची तर परवाना पाहिजे झाला. भाव एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दुसरा. आणि जिथे दोन भाव तिथे रात्रीची गाडी हे ठरलेलेच. या रात्रीच्या व्यापाराला वर्तमानपत्रांनी ‘काळा बाजार’ हे नाव दिले. हा शब्दही इंग्रजीतूनच आलेला, पण भाषांतर होऊन आला म्हणून त्याच्या जातीची चौकशी कोणी केली नाही.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा वाचली जाणारी पत्रे म्हणजे नागपूरचा ‘महाराष्ट्र’, १९४४ पासून ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघू लागलेला दैनिक ‘तरुण भारत’, अकोल्याची ‘मातृभूमि’ आणि टपालाने येणारा पुण्याचा ‘केसरी’. त्या काळच्या मराठी पत्रांचे जुने गठ्ठे चाळण्याचा मला नाद आहे. पिवळ्या पडलेल्या कागदाचा तुकडा हातात येतो, बोटाला शाईचा अंश लागतो, आणि पानोपानी हा शब्द भेटतो. ‘कंट्रोल’ एकटा येत नाही. त्याच्याबरोबर परमिट, कोटा, लेव्ही, लायसन, कूपन असा सारा गोतावळा असतो. पण त्यांत कर्ता पुरुष कंट्रोलच.

त्याच्या वापरात मला दोन गोष्टी लक्षणीय वाटल्या. एक अशी, की एकाच अंकात त्याचे दोन वेष दिसतात. अग्रलेखात, जिथे संपादक सरकारशी बरोबरीच्या नात्याने बोलत असतो, तिथे शब्द येतो ‘नियंत्रण’. सरकारी धोरण, तत्त्व, अर्थशास्त्र यांची चर्चा असली की संस्कृतची शाल पांघरायची. पण तालुक्याचा बातमीदार जेव्हा साखर आली नाही, रॉकेल मिळाले नाही, कापडाच्या दुकानापुढे गर्दी झाली असे लिहितो, तेव्हा तो ‘कंट्रोल’च लिहितो. १९३८ साली माधव जूलियनांचा ‘भाषाशुद्धि-विवेक’ निघाला होता, सावरकरांची भाषाशुद्धीची चळवळ जोरात होती, नवे प्रतिशब्द रोज पाडले जात होते. ‘नियंत्रण’ हा शब्द तयारच होता. तरी बातमीदाराच्या लेखणीतून तो उतरला नाही, कारण ज्यांच्याविषयी तो लिहीत होता त्यांच्या तोंडी तो नव्हता. नियंत्रण हे सरकार करी. कंट्रोल हा लोकांना भोगावा लागे.

दुसरी गोष्ट क्रियापदांची. वर्तमानपत्रांत कंट्रोल ‘बसतो’, ‘वाढतो’, ‘सैल होतो’ आणि ‘उठतो’. मराठीत काय काय बसते ते पाहा. कर बसतो, दंड बसतो, पहारा बसतो. आणि काय उठते? जप्ती उठते, वेढा उठतो. म्हणजे पत्रकारांनी या पाहुण्याला बसवला तो पहारेकऱ्यांच्या आणि वसुली कारकुनांच्या पंगतीत. त्यात त्यांचा दोष नव्हता. शेतकऱ्याच्या खळ्यावर लेव्हीसाठी माणसे येत. टंचाईच्या वर्षांत लग्नाच्या पंगतीलासुद्धा कंट्रोल लागे. किती पाने वाढायची ते हुकुमाने ठरे. ज्या समाजात उंबरठ्यावर आलेल्याला जेवल्यावाचून जाऊ देत नाहीत, त्या समाजात यजमानाने पाहुणे मोजून बोलवायचे! आमच्या आईच्या माहेरी एका लग्नात अर्धी पंगत मागच्या दाराने कोठ्यात बसवली होती, आणि वाढपी दबक्या आवाजात “वरण, वरण” करीत फिरत होते, अशी आठवण ती सांगत असे. सांगताना हसे, पण ते हसणे पुढच्या पिढीला सांगतानाचे होते. त्या दिवशी कोणी हसले नसावे.

वर्तमानपत्रांचा या शब्दावर राग होता, त्याला घरचे कारणही होते. १९४२ पासून कागदावरही कंट्रोल आला. पाने घटली, टाइप बारीक झाला, समास आक्रसले. मासिके रोडावली. पत्रांत कंट्रोलची बातमी छापायला जागा नाही, कारण कागदावर कंट्रोल. असा तो प्रसंग होता.

युद्ध संपले, कंट्रोल संपला नाही. १९४६ मध्ये आवश्यक वस्तूंसाठी तात्पुरत्या अधिकारांचा कायदा झाला. स्वराज्य आले तेही कंट्रोलसकट आले. आणि मग १९४७ च्या हिवाळ्यात एक वाद झाला. अन्नवस्त्राच्या प्रश्नावर इतक्या मोठ्या माणसांनी इतक्या मनापासून वाद घालावा, असा प्रसंग आपल्या इतिहासात विरळा. एका बाजूला गांधीजी होते. दिल्लीच्या सायंप्रार्थनेनंतर ते पुन्हा पुन्हा सांगत, की कंट्रोलने टंचाई जात नाही, ती वाढते. लाचलुचपत आणि काळा बाजार फोफावतो. शेतकऱ्याचे आणि लोकांचे हातपाय बांधले जातात. पुरुषोत्तमदास ठाकुरदासांच्या समितीनेही टप्प्याटप्प्याने कंट्रोल काढावा असे सुचवले. दुसऱ्या बाजूला ए. डी. गोरवाला आणि पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ होते. १९४७ साली नेमलेल्या वस्तुमूल्य मंडळाचे हे दोघे सभासद. त्यांचे म्हणणे असे, की माल थोडा असताना भाव मोकळे सोडले तर ज्याच्या खिशात पैसा त्याच्या घरी धान्य जाईल. आणि ज्याच्या खिशात नाही त्याचे काय?

विजय गांधीजींच्या बाजूचा झाला. डिसेंबर १९४७ मध्ये साखर सुटली, धान्याची बंधने सैल होऊ लागली. जानेवारी १९४८ मध्ये कापडावरचा कंट्रोल उठला. त्याच महिन्याच्या तीस तारखेला गांधीजींची हत्या झाली. पुढच्या काही महिन्यांत भाव कडाडले. ज्यांनी माल दाबून ठेवला होता त्यांची दिवाळी झाली, आणि त्याच वर्षी सरकारला कापड आणि धान्य दोहोंवर पुन्हा कंट्रोल बसवावा लागला. दोन्ही पक्षांचे निम्मे निम्मे खरे ठरले. कंट्रोल असताना माणसे लबाड होतात हे गांधीजींचे म्हणणे खोटे नव्हते. कंट्रोल नसताना लबाडांना कंट्रोलची गरजच उरत नाही, हेही तितकेच खरे निघाले.

पुढे १९५२ मध्ये मद्रासचे मुख्यमंत्री राजाजी यांनी आपल्या प्रांतात शिधावाटप उठवण्याचे धाडस केले. त्याच वर्षी रफी अहमद किडवाई केंद्रात अन्नमंत्री झाले. पावसाने साथ दिली, पिके बरी आली, आणि १९५४ मध्ये धान्यावरचा कंट्रोल सर्वत्र उठला. किडवाई त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात वारले. वर्तमानपत्रांनी कंट्रोलचा मृत्युलेख लिहून टाकला.

पण पत्रांच्या मागचा कंट्रोल सुटलेला नव्हता. १९५६ मध्ये वर्तमानपत्रांची किंमत आणि पाने यांची सांगड घालणारा कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखालचा हुकूम निघाला. इतक्या किमतीला इतकीच पाने, जास्त द्यायची तर किंमत वाढवा! पुण्याचा ‘सकाळ’ तेव्हा रविवार सोडून आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने, रोज सात नव्या पैशांत देत होता. नव्या हिशेबात ते बसेना. ना. भि. परुळेकरांचे ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि वाचकांनीही आपली बाजू मांडली. सप्टेंबर १९६१ मध्ये न्यायालयाने तो कायदा आणि हुकूम भाषणस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द ठरवला. ते निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर हे आमच्या वऱ्हाडचे, अमरावतीच्या मुधोळकर घराण्यातले. कागदावर कंट्रोल म्हणजे विचारावर कंट्रोल, हे सूत्र एका मराठी पत्राच्या खटल्यातून देशाला मिळाले, याचा अभिमान मराठी वाचकाने बाळगावा.

इथवर हा वर्तमानपत्रांचा इतिहास झाला. त्यात कंट्रोल खलनायक आहे आणि शेवटी त्याचा पाडाव होतो. पण गावात वेगळेच घडले.

माझा जन्म १९५५ चा, म्हणजे कंट्रोल उठल्यानंतरचा. तरी माझ्या कानावर लहानपणापासून पडलेला इंग्रजी शब्द कोणता म्हणाल तर तो कंट्रोल. १९५६ मध्ये अमेरिकेशी धान्याचा करार झाला, रास्त भावाची दुकाने निघाली, आणि लोकांनी त्या दुकानांना नवे नाव न देता जुनेच दिले. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ अवर्षणाची वर्षे आली. तांबडी अमेरिकन ज्वारी, जिला आम्ही मिलो म्हणत असू, ती याच दुकानातून घरी आली. तिची भाकरी थापताना चिरे आणि ताटात काळपट दिसे. १९७२ च्या दुष्काळात ती पुन्हा आली. आई जात्याजवळ बसून ती निवडत असे, शेजारीण दारातून विचारी, “काहून वं, तुमचा कंट्रोल आला का?” आई म्हणे, “आला, दळूनबी आणला.”

या दोन वाक्यांतली क्रियापदे पाहा. कंट्रोल ‘बसला’ नाही, ‘उठला’ नाही. कंट्रोल ‘आला’, कंट्रोल ‘आणला’, कंट्रोल ‘दळला’. जो शब्द वर्तमानपत्रांनी पहारेकऱ्यांच्या पंगतीत बसवला होता, त्याला बायकांनी उचलून पाण्याच्या, पावसाच्या, टपालाच्या पंगतीत आणून बसवले. ज्याची वाट पाहावी, जो आला म्हणजे घर सुटकेचा श्वास टाकते, असा तो झाला. दिवाळीच्या आधी सणाची जादा साखर सुटायची. “साखरेचा कंट्रोल आला” ही आरोळी गल्लीत उठली, की करंज्या होणार हे आम्हा पोरांना कळत असे. हुकुमाचे नाव घासाला पडले. शब्दार्थाचा असा कायापालट कोणत्याही परिभाषा समितीने घडवून आणलेला नाही.

परिभाषा समित्यांनी प्रयत्न केले नाहीत असे नाही. आमच्या जिल्ह्यावरच्या पाट्या किती वेळा बदलल्या ते मोजा. मध्यप्रांत-वऱ्हाड, १९५० पासून मध्यप्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र. नागपूर सरकारच्या काळात डॉ. रघुवीरांनी संस्कृतच्या टाकसाळीतून हजारो राज्यकारभाराचे शब्द पाडले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय निघाले, १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ आला. रेशनला ‘शिधावाटप’, कार्डाला ‘शिधापत्रिका’, कंट्रोलरला ‘नियंत्रक’. हे शब्द वाईट नाहीत; कागदावर ते शोभतातही. परंतु चार राज्ये आली आणि गेली तरी मेहकरच्या बाजारातला माणूस कंट्रोलच म्हणत राहिला.

याचे कारण केवळ सवय असेल असे मला वाटत नाही. ‘शिधा’ या शब्दाला आपल्याकडे एक जुना वास आहे. शिधा म्हणजे न शिजवलेले धान्य, जे दाता देतो आणि घेणारा पदर किंवा उपरणे पुढे करून घेतो. भटजींना शिधा देतात, गोसाव्याला शिधा देतात. शिधा देणाऱ्याची मर्जी असते, पुण्यही त्याचे असते. कंट्रोलात मर्जी नाही. भाव ठरलेला, माप ठरलेले, नाव कार्डावर लिहिलेले. दुकानदार रागावला तरी द्यावे लागते आणि घेणारा गरीब असला तरी उपकार मानावे लागत नाहीत. त्याने पैसे मोजलेले असतात. म्हणून शेतमजुराच्या बायकोला ‘शिधा आणायला चालले’ म्हणणे जड जाते आणि ‘कंट्रोल आणायला चालले’ म्हणताना तिची मान ताठ राहते. भाषेचा स्वाभिमान पंडितांच्या सभेत जसा असतो, तसा तो असाही असतो.

आणि त्या कार्डाचे महत्त्व केवढे! आमच्या आईने लुगड्याच्या घडीत दोनच कागद जपले. एक शेताचा उतारा आणि दुसरे कंट्रोलचे कार्ड. घरात मूल जन्मले की त्याचे नाव त्यात चढायचे, म्हातारे माणूस गेले की कमी व्हायचे. मुलगी सासरी गेली म्हणजे तिचे नाव इथून कापून तिथे चढवावे लागे. माझ्या थोरल्या बहिणीचे नाव कापले गेले त्या दिवशी आई डोळे पुसत होती. वरात निघतानाही ती इतकी रडली नव्हती. तिचा घास या घरातून उठला, हे सरकारी शाईने लिहून आले होते.

आता त्या जोडवहीकडे येतो. दुकानदाराकडे एक वही आणि घरी एक कार्ड. दुकानदार जे वहीत लिही तेच कार्डावर लिही. अक्षर न येणारी बाईसुद्धा शाळकरी पोराकडून वाचून घेई: गहू इतका, साखर इतकी. मीही अनेकींना वाचून दाखवले आहे. दोन्ही नोंदी जुळल्या नाहीत तर चावडीवर भांडण होई, आणि त्या भांडणात कार्ड हा पुरावा असे. फ्रेंच भाषेतला तो मूळचा ‘काँत्ररोल’ याहून वेगळा काय होता? समोरच्याचा हिशेब पडताळण्यासाठी आपल्या हाती असलेली दुसरी वही! सात-आठशे वर्षे फिरून, इंग्रज सरकारच्या हुकुमातून आणि वर्तमानपत्रांच्या अग्रलेखांतून येऊन, तो शब्द वऱ्हाडातल्या एका लुगड्याच्या घडीत आपल्या मूळ अर्थाला पोचला.

हे सारे आज सांगण्याचे प्रयोजन एवढेच, की तो अर्थ राखण्याची वेळ पुन्हा आली आहे. २०१३ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा झाला. पात्र कुटुंबातील दर माणसाला महिना पाच किलो धान्य हा आता कायद्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. २०२२ च्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा संच दिला आणि त्याला नाव दिले ‘आनंदाचा शिधा’. आनंद कोणाला नको? फराळाचे ताट भरले याचा मलाही संतोष आहे. परंतु शब्द पुन्हा शिध्याकडे वळला, हे माझ्या कानाला लगेच जाणवले. दुसरीकडे दुकानात आता यंत्र आले आहे. अंगठा ठेवायचा, यंत्राने ओळखले की धान्य. या यंत्राने खोटी नावे आणि मधली गळती पकडता येते, हा त्याचा मोठा गुण. पण आयुष्यभर कापूस वेचून आणि निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांना ते यंत्र कधी कधी ओळखत नाही. पावती निघते, ती बारीक अक्षरांची. हिशेबाची वही यंत्राच्या पोटात, दूर कुठेतरी असते. लुगड्याच्या घडीतल्या दुसऱ्या वहीचे वजन पूर्वीसारखे राहिलेले नाही.

यंत्र नको असे मी म्हणत नाही. पाटीवर कोणता शब्द असावा याबद्दलही माझा हट्ट नाही. पण गावोगावच्या शिकलेल्या मुलामुलींना एक विनंती करावीशी वाटते. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलात, की शेजारच्या म्हातारीची पावती एकदा वाचून दाखवा. किती लिहिले आहे आणि पिशवीत किती आले आहे, ते तिच्यासमोर मोजा. महिन्याच्या महिन्याला एका कोऱ्या वहीत तिच्या नावाने दोन ओळी लिहून ठेवा. त्या वहीला नाव काय द्यावे, असा प्रश्न तिला विचारण्याची गरज नाही. ते नाव तिला ठाऊक आहे.